नाशिकला बंगला बांधताना: एएसी ब्लॉक, फ्लाय ॲशची वीट की लाल वीट?

तुमचा प्रश्न असा आहे: मखमलाबाद शिवारात काळ्या मातीचा प्लॉट, तळमजला आणि वर एक मजला, दर मजल्याला सुमारे १२०० चौरस फूट. आर्किटेक्ट एएसी ब्लॉक (वाफेत शिजवलेला हलका, सच्छिद्र काँक्रीटचा ठोकळा) सांगतात. ठेकेदार म्हणतो, ब्लॉकच्या भिंतींना तडे जातात, लाल वीटच घ्या. आणखी कुणी एकलहऱ्याच्या औष्णिक केंद्रातल्या राखेची, म्हणजे फ्लाय ॲशची, वीट सुचवली. घराचा पर्यावरणावरचा बोजा शक्य तितका कमी हवा, पण त्या नावाखाली पैसे उडायला नकोत.

आधी उत्तर सांगतो. प्लिंथपर्यंतचं (जोत्यापर्यंतचं) चिनाईकाम आणि संडास-बाथरूमच्या भिंती फ्लाय ॲशच्या विटेत करा. वरच्या बाहेरच्या भिंतींना २०० मिमीचा एएसी ब्लॉक आणि आतल्या भिंतींना १०० किंवा १५० चा घ्या. मात्र गवंडी ब्लॉकच्या कामातला असेल तरच. तसा मिळत नसेल तर सगळं घर फ्लाय ॲशच्या विटेत बांधा, फारसं काही बिघडत नाही. ठेकेदार खोटं बोलत नाही, ब्लॉकच्या भिंती तडकलेल्या त्याने पाहिल्या असणारच. पण त्या तडकतात ब्लॉकमुळे कमी आणि ब्लॉकला वीट समजून लावल्यामुळे जास्त. तडकलेली भिंत पुन्हा गिलावा मागते, पुन्हा रंग मागते, आणि वाचवलेलं सिमेंट तिथेच परत जातं.

लाल विटेत शेतातली वरची कसदार माती जाते आणि ती भाजायला जळण लागतं. भट्टीभट्टीगणिक मालही बदलतो. फ्लाय ॲशची वीट भाजावी लागत नाही. तिच्यात साधारण निम्म्याहून अधिक राख, बाकी क्रशरची भुकटी आणि आठ-दहा टक्के सिमेंट, किंवा सिमेंटऐवजी चुना आणि जिप्सम असतं. एकलहऱ्याचं औष्णिक केंद्र (२१० मेगावॉटचे तीन संच) इथून जवळ असल्याने राख लांबून आणावी लागत नाही, हा नाशिकचा खरा फायदा. मात्र या विटेने घर थंड राहतं असं विक्रेता म्हणाला तर मान डोलावू नका. २३० × ११० × ७५ मिमीची वीट तीन-सव्वातीन किलो भरते, लाल विटेइतकीच घट्ट असते आणि उष्णताही जवळपास तितकीच आत सोडते. तिचा फायदा माती आणि जळण वाचण्यात आहे, गारव्यात नाही.

ही वीट घेताना तिचं वय विचारा. साच्यातून काढल्यावर किमान २१ दिवस पाणी मारलेली हवी. मागणी वाढली की आठ दिवसांचा मालही ट्रकमध्ये चढतो, आणि अशी कच्ची वीट भिंतीत गेल्यावर आकसते. पाच विटा पूर्ण सुकवून वजन करा, २४ तास पाण्यात बुडवा, पुसून पुन्हा वजन करा. वाढ २० टक्क्यांपेक्षा जास्त आली तर तो माल घेऊ नका. कोपरे हाताने चुरत असतील तर वजन करायचीही गरज नाही.

एएसी ब्लॉकमध्ये राख किंवा बारीक दळलेली वाळू, सिमेंट, चुना, थोडं जिप्सम आणि चिमूटभर ॲल्युमिनियम पावडर असते. पावडरीमुळे वायू सुटतो, मिश्रण फुगतं, मग कापून दाबाच्या वाफेत शिजवतात. आयएस (भारतीय मानक) २१८५ भाग ३ प्रमाणे ५५१ ते ६५० किलो प्रति घनमीटर घनतेच्या ग्रेड १ ब्लॉकची ताकद किमान ४ न्यूटन प्रति चौरस मिमी हवी. विक्रेत्याकडून त्या बॅचचा चाचणी अहवाल घ्या, कंपनीचं रंगीत पत्रक नको. उष्णतेच्या बाबतीत फरक मोठा आहे: ९ इंची विटेच्या भिंतीतून चौरस मीटरमागे, दर अंश फरकाला, दोनाच्या आसपास वॉट उष्णता आत येते, २०० मिमी ब्लॉकमधून एकाच्या आसपास. तरी दोन मजली घरात ऊन मुख्यतः छतातून आणि पश्चिमेच्या खिडक्यांतून शिरतं. भिंतीवर खर्च करून छत तसंच सोडलं तर एप्रिलमध्ये वरच्या खोलीत झोपवणार नाही.

वजनाचं गणित वेगळं बघा. ९ इंची विटेची चिनाई चौरस मीटरला सव्वाचारशे-साडेचारशे किलो भरते. ब्लॉकची, त्यातला ओलावा धरूनही, दीडशेच्या आसपास. हा हलकेपणा लोखंडात तेव्हाच उतरतो, जेव्हा स्ट्रक्चरल डिझायनरने गणितात ब्लॉकचं वजन धरलेलं असतं. बहुतेक वेळा ड्रॉइंग विटेच्या वजनावर निघतं, ब्लॉक मागाहून ठरतात, आणि लोखंड तेवढंच राहतं. म्हणून भिंत कशाची हे पायाच्या ड्रॉइंगआधी ठरवा. तळ अधिक एक मजल्याला ही बचत माफकच असते, सात मजल्यांना घसघशीत. त्याच बैठकीत कॉलमही बघून घ्या. आयएस १८९३ (२०१६) नुसार नाशिक भूकंपाच्या झोन ३ मध्ये येतं, आणि आयएस १३९२० (२०१६) प्रमाणे कॉलमची कुठलीही बाजू ३०० मिमीपेक्षा कमी नको. भिंतीत लपावा म्हणून ९ इंची कॉलम काढण्याची सवय इथे घट्ट रुजली आहे. कॉलम भिंतीबाहेर आला तर कपाट त्याच्याशी जुळवून घ्या. कॉलमच्या रिंगांचे (उभ्या सळ्यांभोवतीच्या कड्यांचे) हूक १३५ अंशात वाकवलेले आहेत का, हे काँक्रीट पडण्याआधी स्वतः बघा.

आता जमीन. मखमलाबाद, आडगावकडची काळी माती पावसात फुगते, उन्हाळ्यात भेगाळते. भिंतीतले निम्मे वाद इथून सुरू होतात आणि आळ ब्लॉकवर येतो. पाया कडक मुरमापर्यंत न्या. काळा थर एक-दीड मीटर असेल तर सरळ खोदाई परवडते. तीन मीटरच्या पुढे गेला तर डिझायनरला अंडररीम्ड पाइलचा (तळाशी फुगवटा असलेल्या खोल खांबांचा) पर्याय विचारा. प्लिंथ बीम काळ्या मातीवर थेट टेकवू नका, खाली ७५ ते १०० मिमी पोकळी ठेवा, म्हणजे माती फुगली तरी बीम उचलला जाणार नाही. खोदलेली काळी माती पुन्हा प्लिंथच्या भरावात ढकलू देऊ नका, ठेकेदाराला वाहतूक वाचवायचा मोह होतोच. भराव मुरमाचा, दीडशे-दोनशे मिमीच्या थरांनी, पाणी मारून धुमसून. घराभोवती एक मीटर रुंद, बाहेर उतार असलेली पक्की पट्टी हवी, म्हणजे भिंतीलगत पाणी मुरत नाही.

ब्लॉक लावण्याचं काम विटेपेक्षा नेमकं कुठे वेगळं आहे, ते आता सविस्तर.

ब्लॉक कारखान्यातून ओलसर निघतो. साइटवर फळ्यांवर रचा, वरून ताडपत्री घाला आणि दोन-तीन आठवडे सुकू द्या. भिंतीत गेल्यावर सुकला तर तिथे आकसतो आणि तडा देतो. वीट भिजवून लावायची असते; ब्लॉक भिजवायचा नाही. लावायच्या पृष्ठभागावरची धूळ झटका, ओला ब्रश फिरवा, बस. गवंडी सवयीने पाइप धरेल, पहिले दोन दिवस तिथे उभं राहावं लागतं.

पहिला थर १:४ सिमेंट मसाल्यावर, पातळीत. सगळी भिंत या थरावर ठरते, त्यामुळे इथे अर्धा दिवस गेला तरी चालेल. त्यावर ब्लॉक चिकटवायचा तयार मसाला, दरज (दोन ब्लॉकमधला सांधा) ३ ते ४ मिमी. घनमीटर चिनाईला साधारण २५ ते ३० किलो लागतो. मसाला दात्यांच्या थापीने आडव्या आणि उभ्या, दोन्ही दरजांत भरायचा. उभी दरज कोरडी सोडणं ही सर्रास होणारी चूक आहे. गिलाव्यानंतर नेमकी तिथेच जिन्यासारखी रेघ उमटते. मानकात ब्लॉकच्या उंचीला ३ मिमी कमी-जास्त चालतं, त्यामुळे पातळ दरजेसाठी एकाच बॅचचा माल मागवा. सांधमोड (खालच्या-वरच्या थरांतल्या उभ्या दरजांमधलं अंतर) निम्म्या ब्लॉकची ठेवा, कुठेही १५० मिमीपेक्षा कमी नको. दिवसाला सहा, फार तर सात थर, म्हणजे १.२ ते १.४ मीटर.

दर मीटर-सव्वामीटर उंचीला काँक्रीटचा आडवा पट्टा घ्या: ७५ ते १०० मिमी जाड, आत ८ मिमीच्या दोन सळ्या. खिडकीच्या खालचा आणि लिंटेलचा (दार-खिडकीच्या वरचा) पट्टा धरला तर एका मजल्यात दोन-तीन होतात. भिंत चार-साडेचार मीटरपेक्षा लांब असेल तर मध्ये उभा काँक्रीटचा खांब द्या. कॉलमला भिंत नुसती टेकवायची नाही. दर दोन-तीन थरांना कॉलममध्ये बसवलेली सळई किंवा जस्ताचा मुलामा दिलेली लोखंडी पट्टी दरजेत घ्या.

सगळ्यात वरचा थर बीमला घट्ट ठोकून बसवू नका. वरचा स्लॅब वजनाने थोडा वाकतो आणि ठोकून भरलेल्या भिंतीवर बसतो. १० ते १५ मिमी फट सोडा, वरच्या स्लॅबचे टेकू निघाल्यानंतर आणखी आठ-पंधरा दिवस थांबा, मग फोमने भरून घ्या. दोन्ही मजल्यांची कामं संपल्यावर आधी वरच्या मजल्याची फट भरा, मग खालची.

वायरिंग आणि नळाच्या खाचा छन्नी-हातोड्याने फोडायच्या नाहीत, कटर लावा. उभी खाच भिंतीच्या जाडीच्या एक-तृतीयांशाहून खोल नको, आडवी शक्यतो टाळाच. १०० मिमीच्या भिंतीला दोन्ही बाजूंनी समोरासमोर स्विचबोर्ड आले की ती भिंत मधोमध नावापुरतीच उरते. खाच मसाल्याने भरून सुकू द्या, वर जाळी. ब्लॉक आणि काँक्रीट जिथे मिळतात तिथे गिलाव्याआधी २०० मिमी रुंद फायबरची जाळी, दोन्ही बाजूंना १०० मिमी येईल अशी लावा. जाळी आधी भिंतीवर खिळून वर गिलावा फासला तर ती मागे चिकटून राहते. मसाल्याच्या पातळ थरात दाबलेलीच काम करते.

गिलावा १:६ चा. १:४ चा "मजबूत" गिलावा ब्लॉकपेक्षा कडक होतो, आकसतो आणि जाळंदार तडे देतो. आत १२ मिमी पुरतो, बाहेर दोन थरांत १८ पर्यंत. आत जिप्समचा गिलावाही चालतो आणि त्याला पाणी मारावं लागत नाही, मात्र ओल्या जागी आणि बाहेर तो अजिबात नको. गीझर, टांगते कमोड, टीव्ही कुठे येणार हे चिनाईआधी भिंतीवर लिहून ठेवा. पाणी भरलेला २५ लिटरचा गीझर चाळीस किलोच्या घरात जातो. तेवढ्या जागी फ्लाय ॲशच्या विटा किंवा काँक्रीटचा तुकडा घाला, नाहीतर केमिकल अँकर लागेल. लाकडी गुल्ली ब्लॉकमध्ये टिकत नाही. बाथरूमच्या भिंती विटेत घ्या म्हटलं, त्याला हेही एक कारण आहे.

भिंतीवर इतकी चर्चा होते, पण घरातल्या कार्बनचा मोठा वाटा सिमेंट आणि लोखंडात असतो. एक टन क्लिंकर (सिमेंटचा भट्टीत भाजलेला मूळ घटक) बनवताना ०.८ टनाच्या वर कार्बन डायऑक्साइड सुटतो, आणि त्यातला अर्ध्याहून जास्त चुनखडीतूनच निघतो, म्हणजे भट्टीला कुठलंही जळण घातलं तरी तो सुटणारच. ओपीसीत (साध्या सिमेंटमध्ये) क्लिंकर ९५ टक्क्यांच्या आसपास असतं. पीपीसीत (राख मिसळलेल्या सिमेंटमध्ये) १५ ते ३५ टक्के राख असते. तुमचा १२५ मिमीचा एक स्लॅब, बीम सोडून, साधारण १४ घनमीटर. एम२५ प्रतीच्या काँक्रीटला घनमीटरमागे ३३० किलो सिमेंट धरलं तर ९२ गोणी. त्या ओपीसीऐवजी चांगल्या राखप्रमाणाच्या पीपीसीच्या घेतल्या तर एका स्लॅबमागे टनभर कार्बन डायऑक्साइड वाचतो, आणि यासाठी कुठलंही नवं यंत्र लागत नाही. भाजलेली चिकणमाती आणि चुनखडी घातलेल्या एलसी३ सिमेंटलाही आयएस १८१८९ (२०२३) हे मानक मिळालं आहे. दुकानात मिळालं तर विचार करा, नाही मिळालं तर त्यासाठी काम थांबवू नका.

ठेकेदार ओपीसी ५३ मागतो, कारण त्याला सेंट्रिंगच्या प्लेटा लवकर सोडवून दुसऱ्या साइटवर न्यायच्या असतात. पीपीसी सुरुवातीला हळू घट्ट होतं, पुढे भरून काढतं. आयएस ४५६ मध्ये साध्या सिमेंटसाठी साडेचार मीटरपर्यंतच्या स्लॅबचे टेकू ७ दिवस आणि ६ मीटरपर्यंतच्या बीमचे १४ दिवस ठेवायला सांगितले आहेत. पीपीसीला यापेक्षा जास्त द्या, थंडीत तर नक्कीच. निफाडपासून इकडे जानेवारीच्या रात्री किती उतरतात हे नाशिककरांना सांगायला नको. त्या दिवसांत स्लॅबला १०-१२ दिवस आणि बीमला २१ धरा. पाणी मारणं १४ दिवस. हे दिवस करारात लिहून घ्या, नाहीतर ऐन वेळी वाद होतो.

काँक्रीटमध्ये एक गोणी जास्त टाकल्याने घर मजबूत होत नाही, आकसण्याचे तडे वाढतात. बिघाड पाण्यात असतो. एका गोणीला सगळं मिळून २५ लिटर पाणी, त्यात वाळूतला ओलावाही आला. काँक्रीट घट्ट वाटलं की मिक्सरवाला बादली ओततो. त्याऐवजी प्लास्टिसायझर (पाणी न वाढवता काँक्रीट सैल करणारा द्रव) वापरा. क्रशसँडचे कण टोकदार असल्याने ती जास्त पाणी मागते, म्हणून इथे तर तो हवाच. गिरणा-तापीकडच्या वाळूच्या मागे लागू नका. आपल्याकडच्या काळ्या पाषाणाची, धुतलेली, व्हीएसआय (कणांना नीट आकार देणाऱ्या) यंत्रावरची क्रशसँड स्लॅबला चांगली असते. आयएस ३८३ (२०१६) प्रमाणे तिच्यात ७५ मायक्रॉनखालची भुकटी १५ टक्क्यांपर्यंत चालते. गिलाव्याला वेगळी बारीक क्रशसँड मागवा, स्लॅबचीच चाळून वापरू देऊ नका.

छत. नेहमीचा विटांच्या तुकड्यांचा कोबा सरासरी साडेचार इंच धरला तर तुमच्या गच्चीवर सुमारे २४ टन वजन चढतं. भिंतीत हलका ब्लॉक घालून वाचवलेल्या वजनाचा चांगलाच भाग डोक्यावर परत घेतल्यासारखं आहे हे, आणि ऊन तर तो फारसं अडवत नाहीच. त्याऐवजी स्लॅबलाच १:१०० उतार द्या, पाणीरोधक थर घाला, पाणी भरून ७२ तास तपासा, वर ५० मिमीचे एक्सपीएस फोमचे तक्ते, मग जाळी घातलेला काँक्रीटचा थर आणि पांढऱ्या फुटक्या टाइलची चायना मोझॅक. फोममुळे छतातून येणारी उष्णता पाचव्या हिश्शाच्या आसपास येते. फोमचं बजेट नसेल तर निदान पांढरी मोझॅक करा. ती मात्र धुवावी लागते, मळली की निम्मा उपयोग जातो. सोलर पॅनेलचे काँक्रीटचे ठोकळे पाणीरोधक थराआधी स्लॅबसोबतच ओता. नंतर ड्रिल मारणारा माणूस तुमच्या वॉटरप्रूफिंगला भोकं पाडून जातो आणि गळती दुसऱ्या पावसाळ्यात कळते.

नाशिक २० अक्षांशावर आहे. मार्च आणि सप्टेंबरच्या विषुवदिनी दुपारी सूर्य क्षितिजापासून ७० अंशांवर असतो, त्यामुळे दक्षिणेच्या १.२ मीटर उंच खिडकीला ४५० मिमीचा छज्जा माध्यान्ही पुरेशी सावली देतो. पश्चिमेला छज्जा कितीही वाढवला तरी चारचं ऊन खालून आत येतं. तिथे उभ्या पडद्या (भिंतीतून बाहेर काढलेल्या अरुंद भिंती) घ्या, किंवा जिना, स्टोअर, बाथरूम त्या बाजूला ठेवा.

पाण्याचं बघा. शहरात वर्षाला ७०० मिमी पाऊस धरला आणि वीस टक्के वाया सोडला, तर १०० चौरस मीटर गच्चीवरून ५६ हजार लिटर मिळतं. राज्याच्या २०२० च्या एकत्रित विकास नियंत्रण नियमावलीत ५०० चौरस मीटर आणि त्याहून मोठ्या भूखंडांना पर्जन्यजल संकलन बंधनकारक आहे. तुमचा प्लॉट लहान असला तरी करा. पहिल्या पावसाचं दीडशे-दोनशे लिटर पाणी बाहेर सोडायची तोटी, मग वाळू-खडीचा फिल्टर, मग टाकी किंवा बोअर. पण काळ्या जमिनीत शोषखड्डा पायापासून किमान पाच मीटर लांब हवा. लहान प्लॉटवर तेवढी जागा निघत नाही आणि खड्डा पायऱ्यांशेजारी खणला जातो. मग दर पावसाळ्यात पायाखालची एकच बाजू फुगते आणि कोपऱ्यातल्या खिडकीपासून तिरका तडा निघतो. जागा नसेल तर खड्डा करूच नका, टाकी बांधा.

स्लॅबला पाणी मारताना नळी धरून शिंपडण्यापेक्षा मसाल्याचे वाफे घालून ५० मिमी पाणी उभं ठेवा. एका स्लॅबला साडेपाच हजार लिटर लागतं, पुढे उन्हाने उडेल तेवढंच वर घालायचं. कॉलमला गोणपाट गुंडाळून ओलं ठेवा. बोअरचं पाणी काँक्रीटला वापरण्याआधी तपासून घ्या: सामू ६ च्या खाली नको आणि लोखंड असलेल्या काँक्रीटसाठी क्लोराइड लिटरला ५०० मिग्रॅच्या आत हवं.

कामाचा क्रम दिवाळीनंतर खोदाई असा धरा, म्हणजे पाया कोरड्या जमिनीत होतो. स्लॅब फेब्रुवारी-मार्चपर्यंत, ब्लॉक एप्रिलमध्ये, बाहेरचा गिलावा मेअखेर. ब्लॉकची उघडी भिंत मृगाच्या पावसात सापडली तर वरचा थर प्लास्टिकने झाका, आणि भिंत पुन्हा सुकेपर्यंत गिलाव्याला हात लावू नका, ठेकेदार कितीही घाईत असला तरी. ठेकेदारांकडून दर मागवताना ब्लॉकचा किंवा विटेचा नगावारी दर घेऊ नका. पट्टे, जाळी, चिकटवायचा मसाला आणि दोन्ही बाजूंचा गिलावा धरून तयार भिंतीचा चौरस मीटरचा दर मागा. तिन्ही पर्यायांची तुलना त्याच आकड्यावर करता येते.